सहापैकी एक

त्याने घड्याळ काढलं नाही. पट्टा फक्त एका भोकाने सैल केला. मनगटावर उमटलेला फिकट वळ अंगठ्याने चोळला आणि हात पुन्हा मांडीवर ठेवला. खिडकीशी बसलेल्या त्याच्या बायकोने ते पाहिलं आणि ओठांवरचं हसू आवरलं. मागच्या माणसाच्या विनोदाला ती जरा जास्तच हसली होती. सैल केलेला पट्टा म्हणजे ताकीद. घड्याळ पूर्ण निघालं की खिशात जातं. काच फुटू नये म्हणून तो आधी घड्याळ काढतो, मग हात उचलतो. बसमध्ये हे तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

पुढे दरड कोसळली होती आणि बस घाटात अडकून पडली होती. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं तसा पडद्यावरचा सिनेमाही बंद पडला, आणि तोही नेमका रंगात आल्यावर. बर्फाने वेढलेलं घर, आत एकमेकांना अनोळखी सहा माणसं, आणि त्यांच्यातलाच एक जण चंद्र उगवला की लांडगा होणारा. कोण, ते कळायच्या आत पडदा काळा.

"मला तर स्वयंपाक्याचा संशय होता," मागचा औषधविक्रेता म्हणाला. "सगळ्यांना वाढत होता, स्वतः घास खात नव्हता."

"सिनेमातलं राहू द्या," पलीकडच्या नर्सबाई म्हणाल्या. "आपल्यात कोण असेल ते सांगा."

वेळ जात नव्हता, त्यामुळे खेळ लगेच जमला. सगळ्यांच्या नजरा शेवटच्या सीटकडे गेल्या. तिथे एक धिप्पाड दाढीवाला बसला होता. हाताला बँडेज, पायाशी गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी. बसमध्ये चढल्यापासून तो अवाक्षर बोलला नव्हता.

"हाताला काय झालं हो?" विक्रेत्याने विचारलं.

"चावलं."

"कोण?"

"मीच. दुसरं कोणी सापडलं नाही."

कोणी हसलं नाही. नर्सबाईंनी पर्स मांडीवर ओढून घेतली. बायकोला हसू येत होतं. तिने नवऱ्याच्या मनगटाकडे पाहिलं आणि ते गिळलं.

"साहेब, तुमचं काय मत?" विक्रेत्याने नवऱ्याला विचारलं. साहेब एव्हाना सगळ्यांचे लाडके झाले होते. आपल्याजवळचं पाणी त्यांनी अख्ख्या बसला वाटलं होतं, नर्सबाईंची जड बॅग वर चढवून दिली होती.

"मी कशाला कोणावर आळ घेऊ?" तो मोकळेपणाने म्हणाला. "पण आज मागच्या सीटकडे पाठ करून काही मी झोपणार नाही."

बस खळखळून हसली.

"नशीब काढलंस गं," नर्सबाई बायकोला म्हणाल्या. "नाहीतर आमचे हे. कुठेही न्या, तोंडात मिठाची गुळणी. आता बदलीच्या गावी तुम्ही दोघंच म्हणजे मजा आहे."

"गाव कसलं, धरणावरचं क्वार्टर आहे," नवरा म्हणाला. "आसपास चिटपाखरू नाही. कितीही ओरडा, कोणाला त्रास नाही."

लोक पुन्हा हसले. तिने खिडकीची काच विनाकारण पुसली.

"तुझं मत राहिलं की," नर्सबाई म्हणाल्या. "सांग, लांडगा कोण?"

"तिला काय विचारता? झुरळ दिसलं तरी खाटेवर चढते ती."

तिने मागे वळून दाढीवाल्याकडे नीट पाहिलं. "हे नाहीत," ती म्हणाली.

"कशावरून?"

"लांडगा असा उघड दिसत असता, तर सिनेमा पहिल्या पाच मिनिटांतच संपला असता."

यावर दाढीवालासुद्धा हसला. सगळ्यांत जास्त नवरा हसला. हसत हसतच त्याने पट्टा सोडवला, घड्याळ काढून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि खिशाचं बटण लावलं.

तेवढ्यात कंडक्टर चिखलाचे बूट आपटत वर आला. "रस्ता आज काही मोकळा होत नाही. दरडीपलीकडे दुसरी गाडी आलीये. पुढे जायचंय त्यांनी सामान घेऊन चालत पलीकडे जा. परत जायचं असेल तर बसून राहा, ही गाडी मागे फिरतेय." त्याने मागच्या सीटपासून माणसं मोजायला सुरुवात केली.

"मागे," दाढीवाला म्हणाला.

"पुढे," विक्रेता म्हणाला.

"पुढेच बाई," नर्सबाई म्हणाल्या आणि आवाज खाली आणला. "त्याच्याबरोबर एकटं कोण जाणार परत?"

बस जिथून निघाली ते गाव तिच्या मावशीचं होतं. निरोप देताना मावशी दर वेळेसारखं आजही एवढंच म्हणाली होती, "दाराला आतून कडी घालत नाही मी." त्यावर द्यायचं उत्तर दोन वर्षं तिच्या दातांपर्यंत येत होतं आणि दुसऱ्या दिवशी तो हळुवार बोलला की परत जात होतं.

नवरा उठला. त्याने वरून दोन्ही बॅगा काढल्या, एक तिच्या मांडीवर ठेवली आणि कंडक्टरला दोन बोटं दाखवली.

"दोन पुढे," कंडक्टर म्हणाला आणि पुढच्या सीटकडे सरकला.

"एकच," ती म्हणाली. आवाज शेवटच्या सीटपर्यंत गेला. "मी मागे जाणार आहे. ह्यांच्या घरात मी आता राहणार नाही."