मनगटाची दोरी

शर्यतीच्या तोंडावर माझ्या सोबत्याचा पाय मुरगळला. आता आंधळ्याच्या मनगटाला दोरी बांधून शेजारी पळणार कोण?

"मी पळतो," कुणीतरी म्हणालं. बोलण्यावरून कळलं, गडी सीमेपलीकडचा.

"तुमच्याच सुरुंगानं डोळे गेलेत माझे," मी फटकारलं.

तो जवळ आला. मग म्हणाला, "दोरी कुठल्या हाताला?"

शेवटच्या वळणावर दोघंजण आमच्या पुढं होते. त्या स्फोटानंतर पळतानाही माझं पाऊल चाचपतच पडायचं. दोरीला हिसका बसला. "पुढं जमीन साफ आहे, फौजी! पळ!"

त्याच्या शब्दावर मी सुसाट सुटलो. फीत माझ्याच छातीला लागली!

सुवर्णपदक गळ्यात पडलं, तरी दोरी सोडायची राहिलीच होती. आमचं राष्ट्रगीत सुरू झालं आणि ती खाली ओढली गेली. शेजारी तोही सावधान उभा राहिला होता.