निळा की हिरवा

"हा निळा रडका वाटतो," प्रसिद्धी विभागाच्या बाई म्हणाल्या. "पेशंट अजून खचतील."

"मग हिरवा करा," मोठे डॉक्टर म्हणाले. "हिरव्यात आशा असते."

पोस्टर करून देणाऱ्या धाकटीने कागदाच्या कडेला 'हिरवा' लिहिलं आणि पेन्सिलीचं टोक मोडलं. मागच्या बैठकीत हाच हिरवा शेवाळासारखा दिसतो म्हणून निळा केला होता.

पोस्टर एकाच कामासाठी होतं. एका नव्या औषधाचा अभ्यास या इस्पितळात व्हायचा होता. पण तो कसा करायचा, माणसांना काय झेपेल, काय नाही, हे आधी रुग्णांबरोबर बसून ठरवायचं, अशी वरून अट आली होती. पोस्टर लावायचं, रुग्णांना बैठकीला बोलवायचं. ते आले तर अभ्यास इथे. नाही आले तर दुसऱ्या शहरात.

हे सगळं ठरवणाऱ्या समितीत रुग्ण एकही नव्हता. रुग्णांना कसं सामील करून घ्यायचं हे ठरवायला रुग्ण कशाला लागतात? त्यांच्यावाचून इतकी वर्षं सुरळीत चाललंच होतं की.

"अक्षरं जरा बारीक करा," डॉक्टर म्हणाले. "खाली सगळ्या संस्थांची चिन्हं बसली पाहिजेत. आणि हे चेहरे हसरे हवेत."

"इस्पितळात कोण हसतं, डॉक्टर?"

"पोस्टरवरची माणसं हसतात, मॅडम. त्यांना तेवढंच काम असतं."

सगळे खो खो हसले. धाकटी हसली नाही. तिचं पाट्या रंगवायचं दुकान होतं, अशी कामं तिने ढिगाने केली होती, आणि असल्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर कागद फेकून ती केव्हाच उठली असती. पण ज्या आजारावर हे औषध होतं, तोच तिच्या दादाला होता.

दादा शिंपी. अजूनही कुणी विचारलं तर शिंपीच सांगायचा. वहिनीने मात्र यंत्रावर चादर टाकून ठेवली होती. आधी काजं करणं सुटलं. मग दोरा ओवायलाही वहिनीला हाक मारावी लागली. मग एकदा कात्रीने स्वतःचंच बोट कापून घेतलं, तेव्हा कात्रीही कपाटात गेली. औषधासाठी त्याला वरचेवर दुसऱ्या शहरात नेणार कोण? वहिनीची नोकरी, धाकटीचं दुकान. इथे झालं तर झालं, नाहीतर संपलं.

"ऐक हं," संध्याकाळी दादाच्या घरी धाकटीने त्याला मजकूर वाचून दाखवला. "'तुमचा आजार तुमच्याइतका आम्हाला ठाऊक नाही. या, बसा, आम्हाला सांगा.'"

दादाने खुर्ची पुढे ओढली.

"हे डॉक्टर लोक म्हणतायत?"

"मी म्हणायला लावलंय."

"मग येतो मी. पुन्हा वाच बघू."

तिने पुन्हा वाचलं. मग राहवेना म्हणून विचारलं, "दादा, निळा बरा की हिरवा?"

"मला काय विचारतेस रंगाचं?" दादा एकदम खेकसला.

"अरे, साधं विचारलं, तर अंगावर काय येतोस!"

"चहा झालाय गं," वहिनीने आतून हाक मारली. "आत ये आधी."

पोस्टर छापून आलं. हिरवं. हसऱ्या चेहऱ्यांचं. याच आजाराच्या बाह्यरुग्ण विभागाच्या दालनात, बाकांच्या बरोबर समोर, भिंतभर लागलं.

धाकटी रोज काहीतरी निमित्त काढून तिथे जाऊन उभी राहायची. दारात सिस्टरांचा पहारा असे. "सोबतचे बाहेर! आत फक्त पेशंट!" जागा अपुरी, म्हणून तसा नियमच होता. बायका नवऱ्यांना, मुलं आयांना बाकावर बसवून निमूट आवारात जायची. आत बसलेले आपलं नाव पुकारलं जाण्याची वाट बघायचे. पोस्टरबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. एक आजोबा तर पोस्टरकडे तोंड करून खुशाल जांभया देत होते. धाकटीला वाटायचं, धरून गदागदा हलवावं यांना. झोप लागेना. सारखं वाटे, हिरवाच चुकला. निळा हवा होता.

बैठकीच्या दिवशी दादा इस्त्रीचा सदरा घालून आला. तिचा कोपर धरून जिना चढला. काय काय सांगायचं ते वाटेत पुटपुटत होता.

खोलीत खुर्च्या मांडलेल्या होत्या. सगळ्या रिकाम्या.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. पुन्हा पाहिलं. "एकच? आणि तोही तुमचा भाऊ?"

"थोडं थांबू या ना."

"मॅडम, लोकांनाच पडलेली नाही. इतकं देखणं पोस्टर केलं आपण. आता काय एकेकाला हाताला धरून आणायचं? मी वर कळवतो. जाऊ दे अभ्यास तिकडे."

दादा उभा राहिला. "डॉक्टर, मी सांगणार होतो की..."

"तुमचं ऐकलं असतं हो. पण एकट्याने काय होतंय?"

डॉक्टर फाइल काखेत मारून निघून गेले. दादा तसाच उभा. धाकटी ताडकन उठली आणि खाली दालनात धावली. सिस्टरांनी अडवलं, त्यांना ढकलून आत घुसली. बाक खच्चून भरले होते.

"लाज वाटत नाही तुम्हाला?" ती किंचाळली. "तुमच्यासाठीच मरतोय ना आम्ही? रोज इथे येऊन बसता! समोर एवढं भिंतभर पोस्टर लावलंय, एकालाही वर यावंसं वाटलं नाही?"

मग आवाजाच्या रोखाने एकेक मान वळली.

"कसलं पोस्टर, बाई?" कोपऱ्यातली म्हातारी म्हणाली. "दिसत असतं, तर इथे कशाला मरायला आलो असतो?"