मराठीसाठी तीन दाबा

“तेलुगूसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन, मराठीसाठी तीन,” फोनमधली बाई म्हणाली, आणि डोमाजीनं तीन असा दाबला की अंगठ्याचं नख पांढरं पडलं.

पुन्हा तीच सनई. मग पुन्हा तीच बाई. “आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.”

“महत्त्वाचा हाय तं उचल ना, माय!” डोमाजी ओरडला. फाट्यावरच्या चिंचेखाली ऐकायला होता फक्त शेजारचा लखन, आपल्या ऑटोत पाय पसरून पडलेला.

सकाळी रस्ता रुंद करणाऱ्या मशीननं नाल्याजवळ माती उकरली आणि इंटरनेटची तारही उपटून टाकली. मशीनवाला हात झटकून मोकळा झाला. इकडं कापसाच्या जुन्या गोदामात कानाला हेडफोन लावून सात पोरी बसल्या होत्या, त्या बसल्याच राहिल्या. त्यातली एक डोमाजीची चंदा.

तेलुगू मुलखातल्या या मराठी गावात ही तार आली तेव्हाच ही कामं आली. पोरी दिवसभर फोनवर बोलायच्या. कुणाशी, कशाबद्दल, ते घरी सांगायची मनाई होती. एकदा विचारलं तर चंदा हसून म्हणाली होती, “गिऱ्हाइकांशी बोलतो, बाबा. यापेक्षा जास्त इचारू नका.” तेव्हापासून ती चुलीपाशी बसून ‘हाय’च्या जागी ‘आहे’ म्हणायचा सराव करायची, आणि तिची आई जयवंताबाई पदर तोंडाला लावून हसायची.

थोरला पोरगा नोकरीसाठी हैदराबादला गेला तो गेलाच. आता सणाला येतो आणि पाहुण्यासारखा विचारतो, पाणी कुठं ठेवलंय. चंदा तेवढी घरी होती. आज केंद्राची प्रमुख चारुशीला पोरींना सांगून गेली, “संध्याकाळपर्यंत लाइन आली नाही तर काम हैदराबादला हलवतील. ज्यांना नोकरी टिकवायची त्यांनी तिकडं जावं.” आणि स्कूटी काढून ती तारवाल्याला आणायला जवळच्या बोथ गावाला गेली. चंदा घरी आली आणि तिनं माळ्यावरची बॅग खाली काढली.

मग डोमाजीला घरात बसवेना. टीव्हीसाठी त्याच्या घरीही त्याच कंपनीची लाइन होती, म्हणजे तो हक्काचा गिऱ्हाईक. तो फाट्यावर येऊन ठाण मांडून बसला आणि कंपनीचा तक्रारीचा नंबर फिरवू लागला. सनई वाजे, बाई बोले, फोन आपोआप कटे. हा पुन्हा फिरवी.

“मामा, एक दाबा ना,” लखन म्हणाला. “तेलुगूवाले झटक्यात उचलतात. मी बोलतो.”

“काऊन? आमी काय मुके हाव?” डोमाजी भडकला. “मंडल ऑफिसात अर्जी तेलुगूत, दवाखान्यात पर्ची तेलुगूत. मान डोलावून डोलावून मानेचा खुळखुळा झाला माह्या! एका कंपनीनं आपल्या भाषेचं बटन देल्लं, आन् थेच आपन नाई दाबायचं? उद्या म्हनतीन, मराठीवाले फोनच करत नाईत, काढा थे बटन!”

“तुमची जिद्द तुमच्यापाशी, मामा,” म्हणून लखननं तोंडावर टॉवेल ओढला.

दुपारी जयवंताबाई भाकरी घेऊन आली. “अवो, दोन घास खाऊन घ्या. पोरीनं बॅग भरली. माह्या हातची चटनीबी बांधून मागतली तिनं.”

डोमाजीनं घास घेतला, पण तो तोंडातच फिरू लागला. पोरगी गेली की घरात दोन म्हातारी आणि एक टीव्ही. त्यानं भाकरी बाजूला सारली आणि पुन्हा तीन दाबला.

“कोन बसले हायेत थिथं? पगार घेऊन झोपा काढून राह्यले! अशायले पहिले कामावरून हाकललं पायजे!”

“हळू बोला,” जयवंताबाई म्हणाली. “त्यायलेबी मायबाप असतीन.”

ऊन कलायला लागलं तेव्हा चारुशीलाची स्कूटी आली, मागं तारवाला. तो नाल्यात उतरला, छत्रीच्या सावलीत बसून तार जोडत राहिला आणि शेवटी वर पाहून म्हणाला, “हो गया.” जयवंताबाईनं तिथूनच देवाला हात जोडले. चारुशीला गोदामाकडं सुसाट निघून गेली.

“झालं ना, मामा. ठेवा आता फोन,” लखन म्हणाला.

“ठेवत नाई! दिवसभर ताटकळत ठेवलं मले. आता त्याचं नाव इचारतो आन् वर कळवतो.” डोमाजीनं सनई वाजत असलेला फोन मुठीत गच्च धरला आणि धोतर सावरत तो गोदामाकडं जवळजवळ पळतच निघाला.

आत हिरवे दिवे लागले होते. लाइन आल्याचं कळून चंदाही धावत येऊन बसली होती. पण पोरी हेडफोन काढून ठेवत होत्या. चारुशीला हैदराबादशी बोलून नुकती खुर्चीत बसली होती.

“काम गेलं, मामा.”

“लाइन आली ना, बाई!”

“तार तुटल्याचं त्यांनी समजून घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत थांबणारही होते. पण सकाळपासून एक गिऱ्हाईक आमच्याच लाइनीवर सारखा फोन करतोय. दुसरीकडं जाईना, इथून कुणी उचलीना. एवढं तिष्ठत ठेवलेलं कंपनीला चालत नाही. काम काढून घेतलं.”

“कोन मेला हाय तो?” डोमाजीच्या अंगाची लाही झाली. “भेटू दे मले! त्याले काई पोरीबाळी हायेत का नाई?”

“अजून लाइनीवर हाय, बाबा,” चंदा डोळे पुसत म्हणाली. “जाता जाता त्याचा तरी फोन घेतो.” तिनं हेडफोन लावला आणि बटण दाबलं.

डोमाजीच्या मुठीतली सनई थांबली.

“नमस्कार, बोला, आपली काय तक्रार आहे?” चंदाचा आवाज समोरून आला, आणि मुठीतूनही.