अपेक्षित मृत्यू साठ

“एकसष्ट गेले, बाई. एका वर्षात. आणि सगळे पुरुष,” शिंप्याची बायको म्हणाली आणि तिने कागद टेबलावर पसरला. त्यावर पेन्सिलीच्या रेघा होत्या, पाच-पाचच्या जुड्या केलेल्या.

सांख्यिकी कार्यालयातल्या तपासनीसबाईंनी तो कागद ओळखला. म्हातारी चौथ्यांदा आली होती. तिचा नवरा टेकडीवरच्या वृद्धनिवासात वारला होता. ती अजून तिथेच, बायकांच्या इमारतीत राहत होती आणि समोरच्या पुरुषांच्या इमारतीतून निघणारी प्रत्येक शववाहिनी खिडकीतून मोजत होती.

“मावशी, ऐंशीच्या घरातली माणसं ती. पिकलं पान गळायचंच.”

“आणि आम्ही काय कोवळी पानं आहोत? आमच्यातल्या वीससुद्धा गेल्या नाहीत.”

बायका सगळीकडेच जास्त जगतात, हे तपासनीसबाईंनी तिला तीनदा समजावलं होतं. मोजून मात्र एकदाही दाखवलं नव्हतं. या वेळी त्यांनी कागद ठेवून घेतला. “आठ दिवस द्या मला,” त्या म्हणाल्या.

कार्यालयात त्यांना दशांशताई म्हणत. चहात साखर किती, असं विचारलं तरी त्या ‘दीड’ न म्हणता ‘एक पूर्णांक पाच’ म्हणायच्या.

शहराची लोकसंख्या त्यांनी वयोगटांत पाडली. सत्तरीतले किती, ऐंशीतले किती, दर हजारी किती जातात. तोच दर निवासातल्या तीनशे पुरुषांना लावला. उत्तर आलं चोवीस. गेले होते एकसष्ट.

त्या थोडा वेळ त्या आकड्याकडे बघत बसल्या. मग त्यांनी तो खोडला. शहरातला म्हातारा भाजी आणतो, जिने चढतो. निवासात येतो तो आधीच खचलेला. धडधाकट माणसाची फूटपट्टी त्याला लावणं बरोबर नव्हतं. निवासाची तुलना निवासाशीच करायला हवी होती.

संगणकात मागच्या पाच वर्षांच्या नोंदी होत्या. अठ्ठावन्न, एकसष्ट, त्रेसष्ट, सत्तावन्न, एकसष्ट. सरासरी साठ.

‘अपेक्षित मृत्यू साठ, प्रत्यक्ष एकसष्ट, जादा मृत्यू एक,’ त्यांनी अहवालात लिहिलं. साहेबांनी सही केली आणि म्हणाले, “चला, म्हातारीच्या डोक्यातला भुंगा तरी जाईल.”

निकाल सांगायला त्या स्वतः टेकडीवर गेल्या. शिंप्याच्या बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे दर वर्षी एवढेच मरतात?”

“हो, मावशी. नेहमीचंच आहे.”

“नेहमीचंच,” म्हातारी म्हणाली. तिने कागदाची घडी घालून उशीखाली ठेवली. पुन्हा ती कार्यालयात आली नाही.

परत निघताना तपासनीसबाईंनी पुरुषांची इमारतही पाहून घेतली. फरशी लख्ख होती. चादरी पांढऱ्याशुभ्र होत्या. त्यांनी व्यवस्थापकाकडून प्रवेशाचा अर्ज मागून घेतला.

घरी त्यांचे वडील एकटे असायचे. चाळीस वर्षं बस चालवलेला माणूस, पण हल्ली दोनदा गॅस चालू ठेवून झोपला होता. एकदा तर भर दुपारी चड्डीवरच रस्त्यावर जाऊन आपली बस शोधत होता. शेजाऱ्यांनी हाताला धरून घरी आणलं.

“तिथं म्हणे माणसं फार मरतात,” अर्ज बघून वडील म्हणाले.

“माणसं सगळीकडेच मरतात, आप्पा. आणि तिथलं मी स्वतः मोजलंय.”

आप्पांनी चष्मा काढून पुसला. “तू मोजलंस ना? मग झालं. शाळेत होतीस तेव्हापासून तुझी बेरीज कधी चुकली नाही. माझी तर तिकिटंसुद्धा चुकायची.”

“तिकिटं कंडक्टर फाडायचा, आप्पा.”

“म्हणूनच तर गाडी वेळेवर पोचायची,” ते म्हणाले आणि दोघंही हसली.

त्याच आठवड्यात एक खाट रिकामी झाली. आप्पा पिशवी आणि रेडिओ घेऊन राहायला गेले. जाताना त्यांनी लेकीकडे वळून पाहिलं नाही. बस सुटताना ड्रायव्हरने मागे बघायचं नसतं, असं ते नेहमी म्हणत.

पहिल्या रविवारी ते शेजारच्या खाटेवरच्या सुताराची नक्कल करून दाखवत होते. दुसऱ्या रविवारी त्यांनी अर्धंच जेवण घेतलं. तिसऱ्या रविवारी ते पडूनच होते आणि रेडिओ बंद होता.

“नवीन जागा आहे, रुळायला वेळ लागतो,” परिचारिका म्हणाली. तपासनीसबाईंनाही ते पटलं. उठताना आप्पांनी त्यांचं मनगट धरलं, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि मग नुसतंच थोपटलं.

सोमवारी त्या कामाला बसल्या तेव्हा पलीकडच्या टेबलावर टंकलेखिका तळघरातल्या जुन्या नोंदवह्या संगणकात भरत होती.

“ताई, जरा ऐकता? वृद्धनिवासाच्या पुरुषांचं काहीतरी चुकलंय. तेवीस, एकोणीस, बावीस, असं चाललंय वर्षानुवर्षं. आणि जिथून आपल्या संगणकातल्या नोंदी सुरू होतात, तिथे एकदम अठ्ठावन्न. या वहीची पानं गळालीत की काय?”

“पानं कशाला गळतील?” मान वर न करता तपासनीसबाई म्हणाल्या. “तेव्हा निवास लहान असेल, माणसंच कमी असतील. राहणारे किती होते ते बघ. डाव्या रकान्यात असतं.”

टंकलेखिकेने रकान्यावरून बोट खाली नेलं, पान उलटलं, पुन्हा बोट खाली नेलं.

“तीनशे,” ती म्हणाली. “प्रत्येक वर्षी तीनशेच.”