एका हिऱ्याचे तुकडे

माझी नात चंदा भांडून घरातून गेली, त्याला तीन दिवस झाले. फोन बंद. सिविक सेंटर, सुपेला, दुर्ग स्टेशन, सगळं पालथं घातलं. शेवटी तिच्या लाडक्या कादंबरीमालिकेचा मोबाईलवरचा वाचकांचा हिंदी गट आठवला. कथेतली तिन्ही शापित रत्नं एकाच हिऱ्याचे तुकडे आहेत, असं ती सांगायची. कोणी ते खोडून काढलं तर उत्तर दिल्याशिवाय तिला राहवत नसे. मी खोट्या नावानं तिथं लिहिलं, ‘तीनों अलग हैं. एक कावून होंगे?’ सून ओरडली, “मामाजी, पोरगी हरवली अन् तुमी हिरे-माणकं करून राहिले?” तेव्हाच चूक दिसली. ‘क्यों’च्या जागी आमच्या घरच्या बोलीतला ‘कावून’ गेला होता. आता ती ओळखणार, गप्पच बसणार. माझ्यासारख्यानं हे करायलाच नको होतं. पुसायला बोट नेलं, तोच उत्तर उमटलं. “आबाजी, हिंदीत कावून नसते. हिरा एकच आहे. मले घ्याले येता का?”