अडकलेलं कीर्तन

तिसऱ्या खेपेलाही कॉम्प्युटर ऐन रंगात अडकला. पुंजारामबुवांच्या तोंडचा 'पाणी' शब्द स्पीकरमधून पा-पा-पा करत राहिला आणि पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजला. वैदेहीनं टेपरेकॉर्डर थांबवला. आतापर्यंत कॅसेटवरून कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतलेलं सगळं पाण्यात गेलं.

"आमचे बुवा इतकी वर्सं उभे राह्यले, पर कीर्तनात असे कधी अडखळले नाय," सोफ्याच्या कडेला बसलेल्या द्वारकाबाई म्हणाल्या. म्हणाल्या हसूनच, पण वैदेहीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

द्वारकाबाई म्हणजे पुंजारामबुवांच्या मागं राहिलेल्या त्यांच्या पत्नी. ऐंशीला टेकलेल्या. करमाडहून एसटीनं ही तिसरी चक्कर. जवळ एकच कॅसेट, बुवांच्या अखेरच्या कीर्तनाची. त्या वेळी त्या दवाखान्यात खाटेवर होत्या, म्हणून ते कीर्तन त्यांनी ऐकलंच नव्हतं. रविवारी पुण्यतिथीला ते गावात कर्ण्यावर लावायचं ठरलं होतं. फीत मात्र इतकी झिजलेली, की दर वेळी वाजवली की थोडा आवाज उडून जायचा. वैदेहीचे सासरे लक्ष्मणबुवा हे पुंजारामबुवांचे पट्टशिष्य. त्या कीर्तनात ते मागं टाळ धरून उभे होते. म्हणून कॅसेट या घरी आली.

"आजी, चूक माझीच असणार," वैदेही म्हणाली आणि तिनं कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण उघडलं. खंडेनवमीला तिनं मोठ्या भक्तीनं कॉम्प्युटरची पूजा केली होती. हळद, कुंकू, अक्षता, सगळं वरच्या जाळीवर वाहिलेलं. पंख्याच्या पात्यांवर लाल किटण चढलं होतं. ब्रश फिरवला तसे आतून तांदळाचे दाणे टपटप पडले.

"अगं माय! नैवेद्यानं पोट बिघडलं व्हय त्याचं?" द्वारकाबाई पदराआड हसल्या.

वैदेहीनं मान खाली घातली. कंपनीत दहा जणांचे कॉम्प्युटर सांभाळणारी ती, आणि घरात हा पराक्रम!

"असू दे गं. भावानं केलंस ना?" लक्ष्मणबुवा म्हणाले. "आता कशाला जिवाला त्रास? पुढच्या वर्षी लावू कर्ण्यावर."

"पुढच्या वर्सी म्या असंल का?" द्वारकाबाई सहज म्हणाल्या. लक्ष्मणबुवांनी खांद्यावरचं उपरणं काढून हातात घेतलं.

वैदेहीनं पंखा पुसला, तारा घट्ट केल्या, कॅसेट मागं फिरवून पुन्हा सुरू केली. मग चहा टाकायला आत गेली. दर तिसऱ्या दिवशी येणारं नळाचं पाणी, तेही तासभर. पिंपातून मोजकं दोन पेले काढून तिनं आधण ठेवलं. बाहेर पुंजारामबुवांचा खणखणीत आवाज चढत होता. "तहानलेल्याला आडनाव इचारू नका, आधी तांब्या पुढं करा..."

तिचा हात थबकला. हे वाक्य तर लक्ष्मणबुवांचं! त्यांच्या कीर्तनातल्या याच वाक्यावरून सारं शहर त्यांना ओळखायचं. वर्तमानपत्रात त्यांनी सांगितलंही होतं, हे माझ्या मनात आपसूक उमटलं म्हणून.

तेवढ्यात बाहेर पुन्हा पा-पा-पा सुरू झालं.

ती बाहेर आली आणि सरळ टेबलामागं वाकली. डब्याच्या मागच्या जाळीला सासऱ्यांचं उपरणं घडी घालून गच्च दाबून बसवलेलं. डबा तव्यासारखा तापला होता.

"धूळ जाऊ नये म्हणून ठेवलं होतं," लक्ष्मणबुवा पुटपुटले. "दुष्काळाची धूळ फार."

वैदेहीनं गॅलरीत जाऊन औरंगपुऱ्यातल्या कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या फकिराला फोन लावला. मागच्या महिन्यात सासरेच कॉम्प्युटर त्याच्याकडं घेऊन गेले होते.

"ताई, काकांना मी दोनदा बजावलं होतं," फकिरा म्हणाला. "मागून हवा अडली की हा तापणार, तापला की अडकणार. त्यांनी तर वहीत लिहून घेतलं!"

तिनं सासऱ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. "बाबा, ते वाक्य त्यांचं होतं. म्हणून पुढचं ऐकू द्यायचं नव्हतं ना?"

लक्ष्मणबुवांचा चेहरा कसनुसा झाला. ते म्हणाले, "तसंच समज, पोरी. चोर म्हण मला. पण बंद कर ते."

वैदेहीला त्यांच्याकडं बघवेना. ज्यांच्या पाया पडून ती रोज कामावर जायची, त्यांचे पाय असे मातीचे! पण सासऱ्यांची लाज राखायला म्हातारीच्या नवऱ्याला मुकं करायचं? तिनं उपरणं खुर्चीवर टाकलं, टेबलपंखा डब्याकडं वळवला आणि कॅसेट लावली. लक्ष्मणबुवा देवघराशी जाऊन भिंतीकडं तोंड करून बसले.

या वेळी कॉम्प्युटर अडकला नाही. तांब्याचं वाक्य आलं, सरलं. टाळ थांबले. मग बुवांचा आवाज एकदम खाली उतरला.

"मायबापहो, हे म्या कोणत्या तोंडानं सांगतो? बहात्तरच्या दुस्काळात माझ्याच दारात एक बाई आली. काखेला लेकरू. घोटभर पाणी मागत व्हती. घरात भरली घागर व्हती, आन् म्या आतून कडी घातली. सकाळी दोघं येशीत मरून पडलेली सापडली. तुमी ज्याला देवमाणूस म्हणता, त्यो ह्यो असा."

फीत सरली. वैदेहीला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. चोर म्हणवून घेणारा तो माणूस स्वतःला झाकत नव्हता.

लक्ष्मणबुवा उठून द्वारकाबाईंच्या पायाशी बसले. "माय, तुमच्या मनातला देव मोडू नये म्हणून केलं मी. क्षमा करा."

द्वारकाबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"लक्ष्मणा, त्या राती बुवा पैठणला कीर्तनाला गेलते. कडी म्या घातली व्हती."