विरामातला फटका

माझ्या या रचनेला वाद्य लागत नाही. पोकळ लाकडी चौथऱ्यावर अनवाणी उभं राहायचं आणि हातापायांनी छाती, मांड्या, फळ्या बडवत सुटायचं. मध्येमध्ये विराम येतो, तेव्हा हात वर, पाय स्थिर. ताई म्हणते, "लोक ढोल बडवतात, तू स्वतःलाच बडवतोस. धन्य आहेस बाबा!"

आज पहिल्या विरामात सभागृह चिडीचूप होतं. तेवढ्यात काडकन आवाज झाला आणि माझा गाल पेटला.

माझे दोन्ही हात वरच होते, आणि चौथऱ्यावर दुसरं कुणीच नव्हतं.

पहिल्या रांगेत बसलेली ताई अर्धवट उठली. मी घाईघाईने वाजवायला लागलो.

दुसऱ्या विरामात बरगडीत लाथ बसली. तोंडात रक्त आलं. मागून कुणीतरी म्हणालं, "काय अभिनय आहे!"

अभिनय! पुढचे सगळे विराम मी गाळले. थांबलोच नाही. तळहात फुटले, पाय लुळे पडून मी गुडघ्यांवर आलो, रचना केव्हाच संपली, तरी मी फळ्या बडवतच होतो. लोक श्वास रोखून बघत होते.

"बास कर रे, मरशील!" ताई रडत चौथऱ्यावर चढली, आणि तिने माझे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले. पुन्हा विराम आला.